सोलापूरच्या उन्हात कुरकुरणारी खुर्ची

चैत्र संपत आला की सोलापुरातल्या जुन्या लाकडी खुर्च्या बोलायला लागतात. दिवाळीत गप्प असलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची एप्रिलच्या दुपारी बसल्याबरोबर ‘कर्र’ करते आणि उठताना पुन्हा एकदा. घरातले म्हणतात, जुनी झाली. मग कुणीतरी हातोडी आणतं, सांध्यात दोन इंची खिळा ठोकतं आणि खुर्ची पंधरा दिवस गप्प बसते. उन्हाने फक्त सांधा सैल केलेला असतो. खुर्चीची खरी वाट लागायला सुरुवात होते ती त्या खिळ्यापासून.

लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, रुंदीला बदलतं. एवढं लक्षात आलं की खुर्चीचं अर्धं दुखणं कळतं. पायात जे चौकोनी भोक पाडलेलं असतं त्याला साल म्हणतात आणि आडव्या पट्टीच्या टोकाला जी जीभ काढलेली असते तिला कुसू. पायाच्या शिरा उभ्या, पट्टीच्या आडव्या. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, ऑगस्ट-सप्टेंबरात ती ७०-८० च्या घरात जाते. लाकूड त्या मानाने सावकाश ओल घेतं आणि सोडतं, पण घेतं आणि सोडतं हे नक्की. दोन इंच रुंदीचं सागवानी कुसू त्या फरकात साधारण अर्धा मिलिमीटर हलतं. पावसाळ्यात ते फुगू पाहतं, सालीची उंची मात्र तेवढीच राहते, कारण ती पायाच्या लांबीच्या दिशेने आहे. मग कुसवाच्या कडा आतल्या आत चेपतात. उन्हाळ्यात कुसू आक्रसतं तेव्हा मूळ मापाहून बारीक होतं, चेपलेले तंतू परत उभे राहत नाहीत. असे वीस-तीस पावसाळे आणि उन्हाळे गेले की सरसाचा थर तुटतो आणि खुर्चीला कंठ फुटतो. सागाचं कौतुक एवढ्यासाठीच की त्याची ही हालचाल इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी असते. आंब्याच्या किंवा बाभळीच्या खुर्चीला हेच सगळं लवकर भोगावं लागतं.

आता ज्या खुर्चीबद्दल बोलायचं ती. सागवानी, वेताची बैठक, वेताचीच पाठ आणि दोन्ही बाजूंना कंपास उघडून उभा करावा तशा पायांच्या जोड्या. मूळ घडण चंडीगडची. पिएर जानरे हे स्विस वास्तुकार, चंडीगडची आखणी करणारे ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ. १९५१ मध्ये ते पंजाबच्या नव्या राजधानीच्या कामासाठी भारतात आले आणि १९६५ पर्यंत राहिले. सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालयं, सरकारी घरं, सगळ्यांना एकदम फर्निचर हवं होतं आणि हाताशी होते साधे सुतार, साधी हत्यारं, साग-शिसवाचं लाकूड आणि वेत. त्या हिशेबानेच ही खुर्ची आखली गेली. जानरे यांच्यासोबत युली चौधरी यांच्यासारखे भारतीय वास्तुकारही या फर्निचरच्या कामात होते. वेगवेगळ्या कारखान्यांत बनल्यामुळे दोन मूळ खुर्च्यांची मापंसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. पुढे हेच फर्निचर मोडकं म्हणून गच्चीवर ढीग लावून पडलं, भंगाराच्या भावात लिलावात गेलं आणि तिथून युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखोंना विकलं जाऊ लागलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्याची विक्री आणि निर्यात थांबवण्याचे आदेश काढले. इटलीतल्या कासिना कंपनीने २०१९ मध्ये याच घडणीच्या खुर्च्या नव्याने बाजारात आणल्या. आता तर ऑनलाइन दुकानात दर तिसऱ्या पानावर तिची नक्कल दिसते.

सोलापुरात कुणाकडे चंडीगडची अस्सल खुर्ची असेल ही शक्यता फार कमी. पण त्या काळातल्या सागवान-वेताच्या खुर्च्या, कलत्या पायांच्या, हातांच्या आणि बिनहातांच्या, गावोगावच्या सुतारांनी पाहून-पाहून घडवल्या आहेत. कचेरीत, शाळेत, बँकेत वापरून झालेल्या अशा खुर्च्या जुन्या सामानाच्या दुकानात पाठ फाटलेल्या अवस्थेत सापडतात. मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात खात्याची अक्षरं आणि नंबर असतील तर एवढंच करा: त्या जागेला पॉलिशपेपर लावू नका. चंडीगडच्या खुर्च्यांवरही असेच नंबर असत, आणि म्हणून नकली खुर्च्यांवरही ते आवर्जून रंगवले जातात. नंबरावरून अस्सलपणा ठरत नाही, पण खुर्ची कुठल्या कचेरीत आयुष्य काढून आली ते कळतं.

कंपाससारखे पाय दिसायला छान आहेत, पण त्यांचं काम दिसण्याच्या पलीकडचं आहे. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यांत सैल झाली की पतंगासारखी तिरकी होते. त्रिकोण तसा होत नाही. बाजू तुटल्याशिवाय त्याचे कोन बदलत नाहीत. दोन पाय वर एकत्र येतात, मधून बैठकीची पट्टी जाते आणि पुढे-मागे येणारा सगळा ताण हा त्रिकोण झेलतो. जेवून झाल्यावर मागे रेलून दोन पायांवर खुर्ची झुलवणारे लोक प्रत्येक घरात असतात. त्यांनाही ही खुर्ची बराच काळ पुरून उरते. मात्र डावी आणि उजवी बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांना त्रिकोणाचा आधार नसतो. म्हणून अशी खुर्ची सैल होते ती आधी आडवी. बैठकीच्या दोन्ही बाजू धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा, मग पुढे-मागे. पुढे-मागेही हलत असेल तर काम मोठं आहे.

या खुर्चीबद्दल आमचं म्हणणं एवढंच. तिच्यात काही गोष्टी झिजण्यासाठी दिलेल्या आहेत आणि काही टिकण्यासाठी. वेत, सरस, पॉलिश, पायाखालची टाच या झिजायच्या गोष्टी. कोन, सांध्याची जागा, पट्ट्यांची जाडी या टिकायच्या. दुरुस्तीच्या नावाखाली होतं ते बहुधा उलटं. झिजायची वस्तू वाचवण्यासाठी टिकायची कापली जाते. वेत परत विणायला नको म्हणून बैठकीवर प्लायवूड ठोकतात आणि त्यासाठी पट्ट्यांना आठ भोकं पाडतात.

आजच्या वापराचा विचार करायचा तर आधी टेप घ्या. आजचं जेवणाचं टेबल ३० इंचांचं, म्हणजे ७५-७६ सेंटिमीटर उंच असतं. बसल्यावर बैठकीपासून टेबलाच्या पृष्ठभागापर्यंत २८ ते ३० सेंटिमीटर अंतर असलं की कोपर सुखात राहतं. त्या हिशेबाने बैठक ४५-४६ सेंटिमीटर हवी. या जुन्या खुर्च्या पुष्कळदा ४२-४३ सेंटिमीटरच्या भरतात, वरून वेत दीड सेंटिमीटर दबतो. म्हणजे माणूस टेबलाशी बसला की ताट छातीजवळ येतं. पायांना तुकडे जोडून उंची वाढवण्याचा मोह इथे होतो. पण पाय कलते आहेत. खाली एक इंचाचा सरळ ठोकळा लावला तर तो पायाच्या रेषेत बसत नाही, आणि कलता लावला तर चारही टोकं बाहेर सरकतात. त्यापेक्षा गादी बरी. ४ सेंटिमीटरची घट्ट गादी बसल्यावर अडीचवर येते. ४२ अधिक अडीच, साडेचव्वेचाळीस. जवळपास जमलं. गादी उद्या काढूनही ठेवता येते.

हातांच्या खुर्चीचा प्रश्न वेगळा. टेबलाच्या फळीखाली जी पट्टी असते तिची खालची कड बहुतेक टेबलांत ६३-६५ सेंटिमीटरवर येते. खुर्चीचे हात त्याहून वर असतील तर खुर्ची आत सरकत नाही. हात कापून खाली घ्यायचे नाहीत. या घडणीत हातसुद्धा पायांना बांधून ठेवणारी पट्टी असते. तो कापला की त्रिकोण उघडा पडतो. हातांच्या खुर्च्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवाव्यात किंवा खालची पट्टी नसलेलं टेबल करून घ्यावं.

शिवाय आपल्याकडे एक वापर असा आहे, जो कुठल्याच आर्किटेक्टच्या नकाशात नसतो. आपण जेवणाच्या खुर्चीवर मांडी घालून बसतो. पाटावर वाढलेली पिढी तर बसतेच, पुढचीही बसते. मांडी घातली की सगळा भार मांड्यांवर पसरत नाही. घोट्याचं हाड वेतावर एका ठिकाणी टेकतं, आणि बैठकीची जाळी फाटते ती बहुतेक तिथेच, मधोमध किंवा पुढच्या तिसऱ्या भागात. बिनहातांच्या खुर्चीत गुडघे बाहेर काढायला जागा मिळते. हातांच्या खुर्चीत माणूस अवघडून एका बाजूला झुकतो आणि तीच बाजू आधी सैल होते. घरात मांडी घालणारे असतील तर बिनहातांच्या खुर्च्या घ्या आणि वेत एक नंबर जाड घ्या.

आता काम. खुर्ची खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो, आणि प्रत्येक भागावर आतल्या अंगाला पेन्सिलने खूण: डावा पुढचा, डावा मागचा, वगैरे. कलत्या पायांच्या खुर्चीत डावा-उजवा पाय अदलाबदल झाला तर शेवटच्या क्षणी कळतं, तेव्हा सरस लागलेला असतो. फाटका वेत कापण्याआधी प्रत्येक बाजूची भोकं मोजून लिहून ठेवा. जो सांधा घट्ट आहे तो घट्टच राहू द्या. सगळी खुर्ची खोलून ‘नवी’ करण्याची हौस चांगले सांधेही मोडते.

सैल सांध्यावर लोहचुंबक फिरवा. आत खिळा असेल तर कळेल. तो काढल्याशिवाय सांधा ओढलात तर कुसू चिरतं. सागातल्या रसाचा आणि लोखंडाच्या गंजाचा संबंध आला की लाकूड काळं पडतं, खिळ्याभोवतीचे डाग त्याचेच. डोकं बुडालेला खिळा काढायला त्याच्याभोवती पातळ पटाशीने दोन सूत जागा करावी लागते, नंतर तिथे सागाची गुल्ली बसवता येते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराशी बोलायचं तर मिलिमीटर बाजूला ठेवलेले बरे.

जुना सांधा सरसाचा, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाचा असेल तर नशीब. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं, वाट पाहिली की तो सुटतो. पांढऱ्या फेविकॉलसारखा गोंद असेल तर गरम व्हिनेगर लावून वेळ द्यावा लागतो. एपॉक्सी असेल तर सांधा हलत असला तरच सोडवावा, नाहीतर त्या भानगडीत पडू नये. ठोका द्यायचा तो रबरी हातोडीने आणि मध्ये लाकडी ठोकळा ठेवून, सांध्याच्या अगदी जवळ. लांबून ठोकलं की पट्टीच मधून तडकते.

सुटलेल्या कुसवावरचा जुना गोंद पूर्ण खरवडला पाहिजे. गोंद लाकडात जिरला तरच धरतो. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद म्हणजे काचेवर चिकटवलेला कागद. पण खरवडताना लाकूड जाता कामा नये, कारण ते आधीच बारीक झालंय. मग सालीत घालून पाहा. हाताने दाबून जाईल आणि उलटं धरल्यावर स्वतःहून पडणार नाही, इतकं घट्ट हवं. सैल असेल तर कुसवाच्या दोन्ही सपाट अंगांना अर्ध्या मिलिमीटरची सागाची विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, शिरा कुसवाच्याच दिशेने ठेवून, चिकटवायची. वाळल्यावर रंध्याने किंवा पटाशीने थोडं-थोडं उतरवत बसवायचं. इथे लोक लाकडाचा भुसा गोंदात कालवून पोकळी भरतात. ते भरण आहे. त्यात ताकद नाही, आणि पुढच्या सुताराला ते खरवडत बसावं लागतं. कुसू तुटलंच असेल तर ते सपाट कापून पट्टीच्या टोकाला नवी साल पाडावी आणि दोन्ही सालींत एक-एक इंच जाईल असा सागाचा वेगळा तुकडा बसवावा. अशा सांध्याची ताकद मूळच्या सांध्याच्या जवळपास येते.

सागाचं लाकूड तेलकट. गोंद लावण्याआधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून, ते उडून गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गोंद लावला पाहिजे. उशीर केला की तेल परत वर येतं. आणि महिना निवडा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा नेमकं बसवलेलं कुसू एप्रिलमध्ये सैल होणारच. मे महिन्यात गोंदावर दोन-तीन मिनिटांत साय धरते, शिकंजे आवळेपर्यंत तो मेलेला असतो. दिवाळीनंतर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचा काळ सोलापुरात या कामाला सगळ्यात चांगला. हवा मधली, लाकूडही मधल्या मापाचं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे करा.

कलत्या पायांना शिकंजा धरत नाही, घसरतो. पायाच्या कोनाचेच, पाचरीच्या आकाराचे ठोकळे कापून पायाला टेकवायचे म्हणजे शिकंज्याचे दोन्ही जबडे समांतर येतात. हे ठोकळे कापायला अर्धा तास लागतो आणि तो वाचवण्याच्या नादात निम्म्या दुरुस्त्या बिघडतात. शिकंजे नसतील तर सुती दोरीचे दोन वेढे द्यावेत, मध्ये काठी घालून पीळ द्यावा. पायाच्या कडांवर फडकं ठेवायचं. फार आवळू नये, सगळा गोंद बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. आवळल्यावर लगेच बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. एक सूत फरक असला तरी गोंद ओला आहे तोवर सरळ करता येतो. मग खुर्ची सपाट फरशीवर उभी करून तशीच आठ तास शिकंज्यात ठेवा, आणि बसायचं दुसऱ्या दिवशी. एक पाय अधांतरी राहिला तर करवत हातात घेऊ नका. नव्वद टक्के वेळा खुर्ची पिळलेली असते, पाय लांब नसतो. ज्या फरशीवर मोजता तीसुद्धा आधी लांब पट्टी ठेवून तपासा, जुन्या वाड्यातल्या शहाबादीने कितीतरी पाय कापायला लावलेत.

पॉलिशबद्दल थोडक्यात. मशीनच्या सँडरने या खुर्चीच्या कडा गोल होतात आणि सगळी घडण साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. टर्पेंटाइन आणि फडक्याने मळ काढा, हाताने २२० नंबरचा पेपर हलका फिरवा, पुरे. मग लाखदाण्याचं पॉलिश, लिटरभर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम लाख. पातळ हात, पाच-सहा. किंवा उकळलेलं अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. लावायचं, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, दिवसाआड तीन वेळा. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, जाड चकचकीत थर आम्हाला या खुर्चीवर नको वाटतो. सांध्याच्या रेषेवर तो दोन उन्हाळ्यांत तडकतो आणि मग तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, सगळी खुर्ची खरवडावी लागते.

वेत पॉलिशनंतर. खरी मजा इथे आहे.

वेताची बाहेरची साल पट्ट्या काढून विकतात आणि पट्टीची रुंदी भोकांवरून ठरते. भोकं अर्ध्या इंचावर असतील तर सव्वादोन मिलिमीटरची पट्टी, पाच सुतांवर असतील तर अडीच, पाऊण इंचावर असतील तर तीन. मांडी घालणारं घर असेल तर याच्या पुढचा नंबर, भोकातून सहा पट्ट्या जात असतील तरच. आधी एका भोकात घालून बघा. सतरा बाय सोळा इंचांच्या बैठकीला ८० ते १०० मीटर पट्टी लागते. बाजारात जाळीचा तयार रोलही मिळतो, पण तो खाचेत पाचर मारून बसवायचा असतो. भोकांच्या खुर्चीला रोल बसवायचा म्हणजे पट्टीत नवी खाच पाडायची आणि भोकांच्या ओळीवरच लाकूड कमजोर करायचं. रोलवाला ‘एका तासात करून देतो’ म्हणतो. त्याला नमस्कार करावा.

पट्टी कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवायची, जास्त नाही. रात्रभर भिजवलेला वेत काळवंडतो. चकचकीत बाजू वर. पहिला थर मागून पुढे, उभा, मधल्या भोकापासून दोन्हीकडे. या खुर्च्यांची बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. उभ्या पट्ट्या समांतर ठेवायच्या असतील तर कडेच्या पट्ट्या मागच्या भोकांत न जाता बाजूच्या भोकांत संपवाव्या लागतात. नवखा माणूस त्या पंख्यासारख्या पसरतो आणि पुढे तिरक्या पट्ट्या जागच्या जागी बसत नाहीत. दुसरा थर आडवा, नुसता वर ठेवलेला. तिसरा परत उभा, पहिल्याच्या किंचित उजवीकडे. चौथा आडवा, आणि इथून विणकाम सुरू: तिसऱ्याच्या वरून, पहिल्याच्या खालून. पाचवा आणि सहावा तिरके, एकमेकांच्या विरुद्ध. तिरकी पट्टी बरोबर दिशेने गेली की उभ्या-आडव्या जोड्यांच्या मधल्या फटीत अलगद सरकते. उलटी गेली तर प्रत्येक ठिकाणी अडकते, कडा एकमेकींना कापतात आणि वर्षभरात जाळी तिथेच तुटते. डोळ्यांपेक्षा हाताला हे आधी कळतं. आपल्याकडे खुर्च्या विणण्याचं काम कितीतरी अंध कारागीर उत्तम करत आलेत ते यामुळेच. शेवटी भोकांवरून कडेची जाड पट्टी बांधायची.

पहिले दोन थर ताठ नकोत. वेत वाळताना आक्रसतो. सुरुवातीलाच ताणला तर सहाव्या थरापर्यंत सुई शिरत नाही. प्रत्येक भोकात लाकडी खुंटी मारून ताण धरून ठेवायचा, पुढची पट्टी आली की खुंटी काढायची. सरावलेल्या माणसाला एका बैठकीला दीड-दोन दिवस लागतात. मजुरी महाग वाटते तेव्हा हे आठवावं. विणून झाल्यावर दोन दिवस सावलीत, कुणी बसायचं नाही. बुरूडांकडे वेत मिळू शकतो, पण बांबूची सूप-टोपली आणि ही सहा थरांची जाळी हे दोन वेगळे हात आहेत. काम देण्याआधी त्यांनी विणलेली एखादी खुर्ची उलटी करून खालून पाहा. खाली गाठींचा गुंता नसेल, प्रत्येक टोक शेजारच्या वेढ्यात अडकवलेलं असेल, तर निर्धास्त द्या.

कापसाच्या गावात वेत कशाला, नवार किंवा सुती दोरी का नको, असं कुणीही विचारेल. बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीला खुशाल चालेल. जेवणाच्या खुर्चीला नाही. शेंगाचटणीचं तेल आणि आमटीची हळद सुतात गेली की गेली. वेत ओल्या फडक्याने पुसला की झालं. शिवाय सूत भाराने लांबत जातं आणि परत येत नाही, तर वेत ओला होऊन वाळला की पुन्हा ताठ होतो. प्लॅस्टिकच्या वेताबद्दल आमचा तेवढा राग नाही. तो उन्हाळ्यात चिकटतो, दिसतोही तसाच, पण लहान मुलांच्या घरात त्याच भोकांतून विणून घेतला तर दहा वर्षांनी कापून टाकता येतो, लाकडाला धक्का लागत नाही.

सूत वापरायचं ते गादीच्या अभ्र्याला. सोलापुरी चादरीचं कापड यासाठी फार सोयीचं आहे. जाड, सुती, दोन्ही बाजूंनी विणीची नक्षी असलेलं आणि घासलं तरी न उसवणारं. चादर आधी दोनदा धुऊन घ्या, तीन ते पाच टक्के तरी आटते. न धुता शिवलेला अभ्रा पहिल्या धुण्यात गादीला आवळून तिचा फुगा करतो. एका सिंगल चादरीत सतरा इंची गादीचे चार अभ्रे सहज बसतात, दोन्ही अंगं चादरीची धरून. काठ वाया घालवू नका, तो पुढच्या कडेला घ्या. आत ४० डेन्सिटीचा दीड इंची फोम, किंवा गादीवाल्याकडून पिंजून टाके घातलेला कापूस. गादी चौकटीहून सगळीकडून अर्धा इंच लहान असावी म्हणजे कडेचा वेत श्वास घेतो आणि जाळी दिसतेही. बंद मागच्या पायांना सैल बांधा. आठवड्यातून एक दिवस गादी उचलून ठेवा. पावसाळ्यात तिच्याखाली वेताला बुरशी येते.

उन्हाळ्यात मात्र वेताला पाणी लागतं. महिन्यातून एकदा खुर्ची उलटी करून जाळीच्या खालच्या अंगाला ओलं फडकं फिरवायचं आणि सावलीत वाळू द्यायची. वरचा चकचकीत पृष्ठभाग पाणी पीत नाही, खालचा पितो. जाळी थोडी झुकली असेल तर हेच गरम पाण्याने केलं की बऱ्याचदा परत ताठ होते. कूलरसमोर ठेवलेली खुर्ची वेताच्या दृष्टीने सुखात असते, सांध्यांच्या दृष्टीने नाही, कारण एक अंग ओलं आणि एक कोरडं राहतं. पश्चिमेच्या खिडकीत तर ठेवूच नये.

सगळं झालं की मागच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, जिथे कुणी पाहत नाही, पेन्सिलने लिहून ठेवा: कुठला गोंद, कुठल्या सांध्यात विनियर घातली, वेताचा नंबर, पुढे किती भोकं, मागे किती, महिना आणि साल. वीस-पंचवीस उन्हाळ्यांनी कुणीतरी ही खुर्ची पुन्हा उलटी करील, तेव्हा त्याला हे मोजत बसावं लागणार नाही.